गाडीची खोली

शनिशिंगणापूर म्हटले की दारांची गोष्ट निघतेच. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले, नेवासा तालुक्यातले हे गाव. घरांना चौकट आहे, पण दार नाही. कुत्र्यामांजरांपुरती एखादी फळी आडवी लावतात किंवा पडदा सोडतात, एवढेच. २०११ साली युको बँकेने इथे शाखा उघडली, तीही कुलपाविना; त्याची बातमी देशभर झाली. गावात पोलीस ठाणे आले ते २०१५ साली. आणि ज्या देवाच्या भरवशावर हे सारे चालते त्या शनिदेवालाही छप्पर नाही. उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा उभी आहे. ऊन, पाऊस, वारा सगळे तिच्या अंगावरून जाते.

घराला दार नसले तरी चालेल, असे मानणाऱ्या या गावात एका गोष्टीची मात्र कमालीची काळजी घ्यावी लागते. ती म्हणजे येणाऱ्या गाडीच्या जागेची. शिर्डीहून शिंगणापूर सुमारे सत्तर किलोमीटर. शिर्डीचे दर्शन घेतलेले भाविक जीपने, मोटारीने, बसने इकडे येतात. शनिवारी गर्दी असतेच. शनी अमावास्येला तर गाव आणि रस्ता यांतला फरकच उरत नाही. गाडी आपल्या दुकानासमोर लागली की पूजेचे साहित्यही आपल्याकडूनच घेतले जाणार, हा साधा हिशेब. त्यासाठी रस्त्यात गाडी अडवून ‘इकडे लावा, इकडे लावा’ म्हणणारी मंडळी तयार झाली. तिकडे त्यांना ‘लटकू’ म्हणतात. म्हणजे या गावात गाडी उभी करण्याची जागा ही नुसती जागा नाही, तो एक धंदा आहे.

आता या गावाकडे रेल्वे यायची आहे. राहुरी ते शनिशिंगणापूर या २१.८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला २०२५ साली रेल्वे मंत्रालयाने मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ४९४.१३ कोटी रुपयांचा. राहुरी हे दौंड–मनमाड मार्गावरचे स्थानक, आणि तो मार्ग १८७८ सालचा. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे गाडी राहुरीवरून पुढे जात होती. आता तिला एक फाटा फुटणार. रेल्वे आली की स्थानकाबाहेरची जमीन बदलते. तिथे दुकाने येतात, खाणावळी येतात, कामाला माणसे येतात आणि त्या माणसांना राहायला खोल्या लागतात. तेव्हा एक प्रश्न उभा राहणार आहे. तो शिंगणापूरला उद्या पडेल, पण मुंबई-पुण्याला तो कधीचा पडलेला आहे. स्थानकाजवळची जमीन आधी कोणाची? माणसाच्या घराची, की गाडीच्या जागेची?

हा प्रश्न आज आपण थोडा इतिहासात जाऊन पाहू.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती १८५३ साली. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम आली आणि १९०७ मध्ये विजेची. ही ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला बंद झाली. या काळात मुंबई वाढली ती रुळांच्या कडेने. १८९६ ला प्लेगची साथ आली, दाटीवाटीच्या वस्त्यांवर सगळ्यांचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या आणि चाळीही बांधल्या. त्यांनाच आपण बीआयटी चाळी म्हणतो. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षे राहिले.

मग १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे त्यांनी चाळी बांधल्या, सगळ्या मिळून २०७. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर, ट्राम आणि लोकलच्या टप्प्यात. १९२५ च्या फेब्रुवारीत व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी सुरू झाली आणि १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली. त्यानंतर पार्ले, अंधेरी, मालाड असे एकेक उपनगर नोकरदारांच्या आवाक्यात येत गेले.

या साऱ्या बांधकामात एक गोष्ट कुठेही दिसत नाही. कोणत्याही चाळीच्या नकाशात, ‘इतक्या खोल्यांमागे इतक्या मोटारी’ असा हिशेब नव्हता. घर स्थानकाजवळ असे, कारण माणूस चालत स्थानकावर जाणार होता. गाडीची जागा घराच्या किमतीत धरायची, ही कल्पनाच मुळी नव्हती.

इथे एक सांगितले पाहिजे. चाळीचे दिवस सोन्याचे होते असे मला म्हणायचे नाही. १६० चौरस फुटांत सात-आठ माणसे, मजल्यावर एका टोकाला सामायिक संडास, पहाटेपासून नळावर रांग. भाडे कमी राहिले त्यालाही अनेक कारणे होती, भाडेनियंत्रणाचा कायदा हे त्यातले मोठे. पण एवढे खरे की, पगारदार आणि मजूर माणसाला शहराच्या मध्यात, स्थानकाजवळ राहता येत होते. आणि त्याच्या डोक्यावर दुसऱ्याच्या मोटारीचा भार कोणी टाकलेला नव्हता.

तो भार आला कुठून? त्याची सुरुवात आपल्याकडची नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबस नावाचे शहर आहे. १९२३ मध्ये तिथे नियम झाला की, नव्या बहुमजली निवासी इमारतीने आपल्या रहिवाशांच्या मोटारींसाठी जागा ठेवलीच पाहिजे. त्या वेळी अमेरिकेत फोर्डच्या मोटारी धडाधड रस्त्यावर येत होत्या आणि रस्त्याच्या कडा भरून गेल्या होत्या. रस्त्यावरची गर्दी हटवायची, तर ती इमारतीच्या आवारात ढकला, असा विचार. १९३९ मध्ये जर्मनीतही असाच हुकूम निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या शहरांमागून शहरांनी तोच नियम उचलला. दवाखान्याला खाटांमागे इतक्या गाड्या, उपाहारगृहाला खुर्च्यांमागे इतक्या, घराला खोल्यांमागे इतक्या. आकडे कुठून आले असे विचारले, तर पुष्कळदा शेजारच्या शहराच्या नियमावलीतून, एवढेच उत्तर मिळे.

जपानने मात्र वेगळा रस्ता धरला. १९६२ मध्ये तिथे कायदा झाला की, ज्याला मोटार घ्यायची आहे त्याने ती ठेवायला जागा असल्याचा दाखला आधी आणावा. म्हणजे जबाबदारी मोटार घेणाऱ्याची. घर बांधणाऱ्याची नव्हे, आणि ज्याच्याकडे मोटारच नाही त्याची तर मुळीच नव्हे. हा फरक लहान वाटतो. पण पुढचा सगळा हिशेब याच फरकावर उभा आहे.

आपण कोणता रस्ता घेतला? आपण अमेरिकेचा घेतला. मुंबईची १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली पाहा. तिच्यात पार्किंगचा सविस्तर तक्ता आहे. अगदी लहान सदनिका असतील तर चार घरांमागे एका मोटारीची जागा. सदनिका जसजशी मोठी तसतशी मागणी वाढत जाते, आणि मोठ्या सदनिकेला एका घरामागे दोन जागा. पुढे मुंबईसाठी २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याची नियमावली आली, आणि मुंबईबाहेरच्या बहुतेक महाराष्ट्रासाठी २०२० च्या डिसेंबरात एकत्रित नियमावली आली. आकडे बदलले, तक्ते बदलले. पण ‘किमान इतक्या गाड्यांची जागा द्यावीच लागेल’ ही चाल कायम राहिली. लहान घरांना सवलत ठेवली ही चांगली गोष्ट. पण दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढे घर घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला त्या सवलतीचा फारसा उपयोग होत नाही.

आता जरा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहू.

एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण गाडी त्या जागेवर आकाशातून उतरत नाही. तिला आत यायला वाट हवी, वळायला जागा हवी, वरच्या मजल्यावर चढायला उतार हवा. हे सगळे धरले की एका मोटारीमागे साधारण पंचवीस ते तीस चौरस मीटर बांधकाम लागते. म्हणजे २७० ते ३२० चौरस फूट.

आता दुसरीकडे पाहा. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे एक कुटुंब तीन-तीन पिढ्या राहिले. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत सरकारने झोपडीधारकाला दिलेले घर सुरुवातीला २२५ चौरस फुटांचे होते. मग ते २६९ झाले आणि पुढे ३००. म्हणजे आपल्या राज्यात एका गरीब कुटुंबाला पुरेसे मानलेले घर आणि एका मोटारीला लागणारी जागा, ही दोन्ही जवळजवळ सारखी आहेत. एकात स्वयंपाक होतो, मुले अभ्यास करतात, म्हातारी माणसे झोपतात. दुसऱ्यात एक मोटार उभी असते, आणि दिवसाचे बरेच तास तीही नसते.

या गाडीच्या खोलीचे पैसे कोण देतो? आपल्याकडे नियमानुसार ठेवलेले पार्किंग चटई क्षेत्रात, म्हणजे एफएसआयमध्ये, मोजत नाहीत. त्यामुळे अनेकांना वाटते की ते फुकट आहे. फुकट कसे असेल? सिमेंट लागते, लोखंड लागते, खोदकाम लागते. तळघर खणले तर पाणी उपसत राहावे लागते. वर बांधायचे म्हटले तर खालचे तीन-चार मजले गाड्यांचे आणि माणसे त्यांच्या डोक्यावर. मग उद्वाहक जास्त उंच न्यावा लागतो आणि अग्निशमनाची व्यवस्था वाढते. नुसत्या हिशेबासाठी धरू की बांधकामाला चौरस मीटरमागे वीस हजार रुपये पडतात. पंचवीस चौरस मीटरचे झाले पाच लाख. तळघर असेल तर त्याहून अधिक. हा खर्च बांधकाम व्यावसायिक आपल्या खिशातून घालत नाही. तो सदनिकेच्या भावात मिसळतो.

आणि एकदा मिसळला की तो वेगळा काढता येत नाही. या बाबतीत दहिसरच्या एका गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था हा तो खटला. इमारतीखाली खांबांवर मोकळ्या ठेवलेल्या भागातल्या पंचवीस गाड्यांच्या जागा आपल्या मालकीच्या, असा विकासकाचा दावा होता. ३१ ऑगस्ट २०१० ला न्यायालयाने निकाल दिला की, ही जागा सदनिका नव्हे. ती इमारतीची सामायिक जागा आहे आणि विकासकाला ती सुटी विकता येणार नाही. रहिवाशांच्या बाजूने हा निकाल मोठा होता आणि तो योग्यच होता. एकाच जागेचे पैसे दोनदा घेण्याला त्याने चाप लावला. नंतर २०१६ च्या रेरा कायद्याने बंदिस्त गॅरेज आणि उघडे पार्किंग यांत फरक केला. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. जागा सामायिक, म्हणजे तिचा खर्चही सामायिक. ज्याच्याकडे मोटार आहे त्यानेही तो भरायचा आणि ज्याच्याकडे नाही त्यानेही.

किती जणांकडे नाही? २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर कुटुंबांपैकी पाचांकडेही मोटार नव्हती, प्रमाण ४.७ टक्के होते. दुचाकी २१ टक्के घरांत होती. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मोटार असलेली घरे सुमारे आठ टक्क्यांवर आली. शहरांत प्रमाण जास्त आहे, पुण्या-मुंबईच्या नव्या संकुलांत त्याहून जास्त आहे, हे मान्य. पण मग एक साधा प्रश्न उरतो. ज्याला हवी त्याने मोटारीची जागा घ्यावी आणि तिचे पैसे द्यावेत. ज्याला नको त्याच्या माथी नियमाने का मारावी?

हा प्रश्न स्थानकाजवळ अधिक टोचतो. कारण स्थानकाजवळ घर घेणारा माणूस बहुधा गाडीचा खर्च वाचवण्यासाठीच तिथे जास्त पैसे मोजत असतो. मुंबईत वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही पहिली मेट्रो २०१४ ला धावली. पुण्यात मेट्रो सुरू झाली ६ मार्च २०२२ ला. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाली. हजारो कोटी रुपये आपण कशासाठी घातले? लोकांनी गाडी घरी ठेवावी, किंवा घेऊच नये, यासाठी. केंद्र सरकारचे २००६ चे नागरी वाहतूक धोरण सांगते की, पार्किंगचे शुल्क हे त्या जमिनीच्या मोलाला साजेसे असावे. २०१७ चे स्थानककेंद्री विकासाचे धोरण सांगते की, स्थानकापासून पाचशे ते आठशे मीटरच्या पट्ट्यात दाट वस्ती असावी आणि पार्किंगला आळा घालावा. पुण्यात मेट्रोच्या दोन्ही बाजूंच्या पाचशे मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआय देण्याचे ठरले. जास्त एफएसआय म्हणजे जास्त घरे. पण किमान पार्किंगची अट असेल तर जास्त घरे म्हणजे जास्त गाड्यांच्या जागाही. एका हाताने मेट्रो बांधायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या शेजारी मोटारींचे मजले चढवायचे, असा हा व्यवहार होतो.

याच्या उलट प्रयोगही आपल्याकडे झाला आहे. नवी मुंबईत सिडकोने प्रधानमंत्री आवास योजनेतली घरे रेल्वे स्थानकांच्या आवारात, बस आगारांच्या आणि ट्रक टर्मिनसच्या जागांवर बांधायला घेतली. मानसरोवर, खांदेश्वर, बामणडोंगरी, खारकोपर ही त्यातली काही ठिकाणे. म्हणजे जिथे गाड्या लागायच्या तिथे घरे. यातल्या काही स्थानकांवर आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला. स्थानकासमोरची मोकळी जागा जाईल, वाहनतळ जाईल, गर्दीला श्वास घ्यायला जागा उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच चूक होते असे नाही. स्थानकाबाहेर रिक्षा, बस, चालणारी माणसे यांना जागा लागतेच. पण ती जागा माणसांच्या येण्याजाण्याची. दिवसभर उभ्या राहणाऱ्या मोटारीची गोष्ट वेगळी. सिडकोच्या घरांच्या किमतींवर पुढे टीका झाली, तो निराळा विषय. पण स्थानकाजवळच्या वाहनतळाच्या जागेवर परवडणारी घरे उभी राहू शकतात, एवढे त्या प्रयोगाने दाखवले.

जगात काय चालले आहे? लंडनने २००४ मध्ये किमान पार्किंगची अट काढली आणि तिच्या जागी कमालची आणली. म्हणजे ‘इतकी तरी हवी’ याऐवजी ‘इतकीच चालेल’. आधी एका नव्या घरामागे सरासरी १.१ जागा बांधल्या जात; नंतर अभ्यासकांना आढळले की त्या ०.६ च्या आसपास आल्या. याचा अर्थ काय? जवळजवळ निम्म्या जागा कोणाला हव्या होत्या म्हणून नव्हे, तर नियमात होत्या म्हणून बांधल्या जात होत्या. आपल्या मुंबईसारख्याच अफाट पसरलेल्या साओ पावलोने २०१४ च्या आराखड्यात किमान अट काढली. न्यूझीलंडने २०२० मध्ये राष्ट्रीय धोरण म्हणून आपल्या मोठ्या शहरांना ती काढायला लावली. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला: मोठ्या स्थानकापासून अर्ध्या मैलाच्या, म्हणजे आठशे मीटरच्या आत किमान पार्किंगची सक्ती करता येणार नाही. त्या विचारामागे डोनाल्ड शूप या अर्थशास्त्रज्ञाची अनेक वर्षांची मेहनत होती. ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हे त्यांचे पुस्तक २००५ चे. २०२५ मध्ये ते वारले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, फुकट पार्किंग नावाची गोष्ट नसते. गाडीवाला पैसे देत नसेल तर दुसरे कोणी तरी देत असते, घरभाड्यात किंवा वाण्याच्या बिलात.

विशेष म्हणजे यातल्या कोणीही पार्किंगवर बंदी घातली नाही. सक्ती काढली; लंडनने फार तर वरची मर्यादा घातली. ज्याला बांधायचे त्याने बांधावे, ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे.

आता तुम्ही म्हणाल, हे लंडनला ठीक आहे. आमच्या गल्लीत आधीच दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात. इमारतीतली जागा काढली तर त्या सगळ्या रस्त्यावर येतील आणि रुग्णवाहिकेलाही वाट मिळणार नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अट काढायची आणि रस्ता मात्र फुकट ठेवायचा, तर हेच होईल. म्हणून या दोन गोष्टी बरोबर कराव्या लागतात. पुण्याने २०१८ च्या मार्चमध्ये पार्किंगचे धोरण मंजूर केले. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे द्यावेत, हा त्याचा गाभा. विरोध इतका झाला की शेवटी पाच रस्त्यांवर प्रयोग करायचे ठरले. कारण रस्ता हा आपल्या गाडीचा जन्मसिद्ध हक्क आहे, असे आपल्याला मनापासून वाटते. शेजाऱ्याने रस्त्यावर खाट टाकली तर आपण तक्रार करतो. मोटार उभी केली तर करत नाही. खाट जागा कमी अडवते, तरीही.

२०२५ मध्ये राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी, गाडी ठेवायला जागा दाखवली तरच तिची नोंदणी, असा विचार मांडला. ही चाल जपानची, १९६२ ची. ती आणायची असेल तर मग घरावरची सक्ती कशाला? दोन्ही ठेवणे म्हणजे एकाच गाडीची जागा दोघांकडून मागणे. एक गाडीवाल्याकडून, दुसरी बिनगाडीवाल्याकडून.

दुसरा आक्षेप दुचाकींचा. आपल्याकडे स्कूटर-मोटारसायकल ही चैन राहिलेली नाही, पुष्कळ घरांचा तो हात-पाय आहे. तिला जागा फार थोडी लागते; एका मोटारीच्या जागेत पाच-सहा सहज मावतात. ती जागा राहावी. अपंगांच्या वाहनासाठी, रुग्णवाहिकेसाठी, सामान उतरवण्यासाठीही राहावी. सक्ती काढायची ती मोटारीची, आणि तीही जिथे दहा मिनिटे चालत गाडी किंवा मेट्रो मिळते तिथे.

तिसरा आक्षेप सगळ्यात खोल आहे. अट काढली तरी विकासक भाव कमी करील कशावरून? वाचलेले पैसे जमीनमालक आणि तो वाटून घेतील. हेही खरे आहे की, नुसत्या एका नियमाने घरे स्वस्त होत नाहीत. जमिनीचा भाव, व्याज, कर, परवानग्या, सट्टा, सगळे त्यात आहे. पण सक्ती असताना स्वस्त घर बांधण्याची इच्छा असलेल्यालाही ते बांधता येत नाही. म्हाडा असो, सहकारी संस्था असो किंवा आपल्या अर्ध्या गुंठ्यावर चार खोल्या काढून भाड्याने देणारा गावकरी असो. मोटारीची जागा दाखवता येत नाही म्हणून त्याचा नकाशा अडतो. लहान भूखंडावर तर गाडीला वळायलाच जागा नसते. ही अडचण सर्वांत जास्त भोवते ती लहान घरमालकाला आणि त्याच्याकडे भाड्याने राहणाऱ्याला. मोठा विकासक चार मजले चढवून मोकळा होतो.

म्हणून पुन्हा शिंगणापूरकडे येऊ. राहुरीहून येणारा तो एकवीस-बावीस किलोमीटरचा फाटा अजून व्हायचा आहे. स्थानकाबाहेर अजून जमीन जमीनच आहे. मुंबईत जे शंभर वर्षांच्या बांधकामानंतर उलगडत बसावे लागते, ते इथे पहिल्या रेघेपासून नीट आखता येईल. भाविकांच्या मोटारी आणि बसगाड्या काही एका दिवसात थांबणार नाहीत. त्यांच्यासाठी गावाबाहेर एक चांगला, दर लावलेला वाहनतळ हवा. दर ठरलेला आणि फलकावर लिहिलेला असला की रस्त्यात गाडी अडवण्याचा धंदाही थोडा मंदावेल. पण स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरात जो फुलांचा हार विकतो, जी खाणावळीत भाकरी थापते, जो रात्री चौथऱ्याचा परिसर झाडतो, त्यांच्या खोल्यांना पहिला मान मिळावा. त्यांच्या खोलीच्या भाड्यात दुसऱ्याच्या मोटारीचे भाडे मिसळू नये.

बीडीडीच्या १६० चौरस फुटांत मुंबईने आपला कामगार वाढवला. आज त्याच चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. वरळीच्या पहिल्या मनोऱ्यांतल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या, पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या. ही आनंदाची गोष्ट आहे. अशा घरांची गरज असलेली माणसे या राज्यात लाखोंनी आहेत. त्यांच्यासाठी जमीन नाही, पैसा नाही, असे सांगताना आपण स्थानकाशेजारी किती खोल्या गाड्यांसाठी बांधून ठेवल्या, हेही एकदा मोजून पाहावे. शिंगणापूरला घराचे दार नसणे परवडते, कारण गावाचा एकमेकांवर विश्वास आहे. शहराने माणसावर एवढाच विश्वास ठेवावा की, त्याला मोटार हवी असेल तर तो स्वतः सांगेल.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)